गाडीची चाळणी

चतुराबाईंनी गाडीत पुढं बसून वाऱ्याच्या जाळीसमोर तळहात धरला, बोटं पसरली, हात उलटा करून पाहिला आणि मागं घेतला.

"याला गरम वारं म्हणायचं व्हय? आजाऱ्याच्या तोंडची वाफ बी याच्याहून बरी असती."

स्वप्निल स्टिअरिंगमागं बसून मोबाईलवर कुणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ बघत होता. त्या माणसानं सांगितलेलं तो एकेक करून बघत आला होता. अंगणात अजून दव होतं. गोठ्यातल्या बोर्डावरून आणलेली जाड वायर गाडीच्या कुशीत खुपसलेली होती आणि म्हैस तिच्याकडं संशयानं बघत होती.

"बटणं दाबली का समदी?"

"दाबली. बॅटरी वाचवायचं एक बटण असतं, ते चालू असलं की गाडी हीटरचा हात आखडती. ते बंद केलं. बाहेरचं वारं आत येतं तेबी बंद केलं. काटा पार तांबड्यावर नेला."

"मंग?"

"मंग काय, पाहून राहिलो ना, माय." त्यानं कानाची पाळी चोळली. "पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापतं, तीच ऊब आत सोडत्यात. फुकटची. हिच्यात इंजिनच न्हाई. ऊब बी बॅटरीतूनच काढा लागती."

"म्हंजी हिच्यात ऊब बी इकतच घ्यायची," चतुराबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नाराज नव्हता. ही गाडी त्यांनीच हट्टानं घ्यायला लावली होती. सेनगावच्या पलीकडच्या त्या गावात पेट्रोलच्या गाड्या होत्या, डिझेलच्या होत्या. विजेवरची एकच होती, आणि ती चतुराबाईंच्या अंगणात होती.

स्वप्निलनं नांदेडच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला. पलीकडच्या पोरानं विचारलं, पंख्याचा आवाज येतो का. येतो, लई येतो. आणि वारं? वारं न्हाई. मग चाळणी बघा, तो म्हणाला, समोरच्या कप्प्याच्या मागं असते, वारं गाळून आत सोडायची. गाडी कुठं धुळीत उभी होती का?

स्वप्निलनं फोन ठेवला आणि आईकडं पाहिलं. चतुराबाई म्हशीकडं बघू लागल्या.

कार्तिकात सोयाबीनचं मळणी यंत्र शेतात आलं, तेव्हा त्यांनी गाडी खळ्याच्या कडेला लावायला सांगितली होती आणि दिवसभर आत बसून राहिल्या होत्या. काचा वर, पंखा पुरा चालू. रोजदारांवर नजर ठेवायला, असं त्या म्हणाल्या. पण शेत सेनगाव रस्त्याला लागून होतं, आणि जाणारी प्रत्येक जीप, प्रत्येक एसटी तिथं जराशी हळू होत होती. भुसा धुक्यासारखा उडत होता. स्वप्निल दोनदा येऊन म्हणाला, माय, पंखा बंद ठेव. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, गाडी आपली हाय का भाड्याची?

स्वप्निलनं समोरचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला. मागच्या खाचेत बोटं घालून त्यानं घड्याघड्यांच्या कागदाची एक चौकट ओढून काढली. घड्या कुठं दिसतच नव्हत्या. सोयाबीनचा भुसा, टरफलं, बारीक कुसळं, सगळं दाबून भरलेलं. कोंबडीनं घरटं केल्यासारखं.

त्याच क्षणी जाळीतून वारं आलं. असं आलं की चतुराबाईंच्या कपाळावरच्या पांढऱ्या बटा मागं गेल्या आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"पाहा," स्वप्निल हसला. "हीटर चांगलाच हाय. चाळणीनंच गळा दाबला व्हता. उन्हाळ्यात एसीचं बी असंच झालं असतं, गार वारं बी हिच्यातूनच जातं. आता झाडतो अन् बसवतो. नवी नांदेडहून मागवू."

चतुराबाईंनी हात पुन्हा जाळीसमोर धरला. बोटांच्या पेरांपर्यंत ऊब येऊ दिली. मग हात पदराला पुसला.

"झाडू नको."

"आं?"

"हाय तशीच बसव."

"माय, रुपाला आणायला चाललो आपण."

"रुपा म्होरं बसंल, तुझ्याजवळ. म्होरं कोमट येतंय, तेवढं तिला पुरं. मांडीवर दुलई देऊ." त्या थांबल्या. "मागं मी आन् ती."

'ती' कोण हे स्वप्निलला विचारावं लागलं नाही. त्यानं चौकट हातात धरून एकदा आईकडं, एकदा भुशाकडं पाहिलं. मग कप्प्याच्या मागं ती परत सरकवली. वारं बसलं.

*

रुपाच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत. लेकीला आणायला चतुराबाई स्वतः तिच्या सासरी, हट्ट्याला गेल्या होत्या. जीप गावातलीच, ताडपत्रीची. विहीण मिराबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी जीपकडं पाहिलं, चतुराबाईंच्या हातातल्या तिळाच्या डब्याकडं पाहिलं आणि ओसरीवर बसलेल्या शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शेळ्या न्यायच्या गाडीत आमची सून न्यायची न्हाई, ईनबाई. घरची गाडी झाली की या. आमी कुठं न्हाई म्हणतो."

शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. चतुराबाईंनी डबा ओट्यावर ठेवला आणि पाणीही न घेता जीपमध्ये मागं जाऊन बसल्या. ताडपत्रीची एक बाजू सुटलेली होती. हट्ट्यापासून घरापर्यंत ती फडफडत राहिली आणि वारं त्यांच्या मानेत शिरत राहिलं. घरी आल्यावर विश्वंभररावांनी शेगडी पेटवून दिली, काढा करायला लावला. चतुराबाई म्हणाल्या, ही थंडी काढ्यानं निघायची न्हाई.

नवरा समजला होता. म्हणून गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्यानं आडकाठी केली नाही.

आता रुपाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच. मिराबाईंच्या घरची एक रीत होती: पहिलटकरीण सून माहेरी जाताना सासूनं स्वतः तिला आईच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचं, आणि लेकरू घेऊन परत येताना आईनं पाळण्यासकट तिला सासूच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडायचं. निघायचं ते दिवस उगवायच्या आत. मिराबाईंच्या घरच्या एकूण एक रितींना चतुराबाई नाक मुरडायच्या. ही रीत ऐकल्यावर मात्र फोनवर म्हणाल्या, "लई चांगली रीत हाय तुमची, ईनबाई. पाळलीच पायजे. गाडी आमची हाय."

*

संध्याकाळी ते हट्ट्याला पोचले. मिराबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

"आवाजच न्हाई हिला," त्या म्हणाल्या. "चोराची गाडी वाटती."

"तुमची दोन गल्ल्या आधीच कळती," चतुराबाई म्हणाल्या. "पोटातलं लेकरू दचकायचं."

जेवण झालं. वायर मिराबाईंच्या ओसरीतल्या बोर्डाला लागली. मिराबाईंनी मीटरकडं पाहिलं, मग तिथंच उभ्या असलेल्या मुलाकडं, चतुराबाईंच्या जावयाकडं पाहिलं, आणि आत गेल्या.

पहाटे चतुराबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पिशवीतून एकेक कपडा काढला. विश्वंभररावांचं लोकरी बनियन आत. त्यावर त्यांचाच लांब बाह्यांचा स्वेटर. मग लुगडं, मग शाल, दोन पदरी, गळ्यापर्यंत. पायांत स्वप्निलचे मोजे. आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं. जराशा जाड दिसत होत्या, पण म्हातारी बाई थोडी जाड दिसली तर कोण बघतो.

मिराबाई बाहेर आल्या त्या पैठणी नेसून. सुनेला पोचवायला जाणारी सासू गावात दिसली पाहिजे, आणि शालीखाली पैठणी दिसत नाही. म्हणून शाल होती ती जाळीदार, रेशमी, खांद्यावर ठेवण्यापुरती. तोंडातून वाफ निघत होती. ती बघून चतुराबाईंना बरं वाटलं.

"रुपा, तू म्होरं बस," चतुराबाई म्हणाल्या.

"म्होरं न्हाई," मिराबाई म्हणाल्या. "तो पट्टा पोटावर काचतो. अन् म्होरं धक्के बसत्यात. ती आपल्या मधी बसंल. एका बाजूला तुमी, एका बाजूला मी. सासू अन् आई, दोन्हीकडून टेकू."

"आत्याबाई म्हणत्यात तेच बरं, माय," रुपा म्हणाली. सासूला ती आत्याबाईच म्हणे. "मला मधीच झोप लागंल."

चतुराबाई शाल सावरत मागच्या दाराकडं गेल्या. पुढच्या सीटवर मिराबाईंनी डिंकाच्या लाडवांची टोपली ठेवली, वर फडकं टाकलं; दुलई धक्के बसू नयेत म्हणून रुपाच्या खाली अंथरली. ठेवताना त्यांचा हात जाळीपुढून गेला आणि क्षणभर तिथं थांबला.

दार लागलं. गाडी आवाज न करता वेशीबाहेर पडली. जे काही कोमट वारं येत होतं ते लाडवांना लागत होतं.

*

हट्ट्यापासून औंढ्यापर्यंतचा रस्ता चतुराबाईंनी मनात पुष्कळदा रंगवला होता. त्यात रुपा पुढं झोपलेली असायची आणि मागं मिराबाईंचे दात वाजत असायचे. दात वाजत होतेही. मिराबाई ओठ घट्ट मिटून ते झाकत होत्या, पण हनुवटी ऐकत नव्हती. पैठणीवरच्या झंपराच्या तोकड्या बाहीखाली दंडावर काटा आलेला चतुराबाईंना दिसत होता.

त्यांनी आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली केली.

"मला गाडी लागती," त्या म्हणाल्या. "जरा वारं लागू द्या."

शेतांवरून आलेलं पहाटेचं वारं त्यांच्या शालीवर आपटलं आणि तिरकं होऊन पलीकडं गेलं. मिराबाईंनी मान वळवली नाही. थंडी वाजती असं त्या म्हणणार नव्हत्या. मेल्या असत्या तरी म्हणाल्या नसत्या. चतुराबाईंना हे ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतःही म्हटलं नसतं. दोन्ही बायांमध्ये तेवढं एक सारखं होतं.

मग मिराबाईंनी खांद्यावरची रेशमी शाल काढली आणि झोपलेल्या रुपाच्या पोटावरून गुंडाळली. कोपरे मांडीखाली खोचले. त्यांच्या उघड्या मानेवर वारं येत होतं.

चतुराबाईंनी काच वर केली.

"झालं का?" मिराबाईंनी विचारलं.

"झालं. बरं वाटलं."

आरशात स्वप्निलचे डोळे आईला भेटले. त्यांनी ते डोळे रस्त्याकडं परत धाडले.

औंढा मागं पडलं. पूर्वेला नुसतं उजाडू लागलं होतं, आणि उजाडताना थंडी वाढते तशी ती वाढली. रुपा जागी झाली. तिनं दोन्ही हात पोटाखाली धरले.

"काय गं?"

"काई न्हाई. पोट कडक व्हऊन राहिलंय. मघापासून."

मिराबाईंनी लगेच पोटावर तळहात ठेवला. चतुराबाईंनीही ठेवला. दोन तळहात शेजारी शेजारी. मिराबाईंचा हात बर्फासारखा होता, तो चतुराबाईंच्या बोटांना लागला. खाली पोट दगडासारखं आवळलेलं. मग हळूहळू सैल पडलं.

"थंडीनं व्हतं असं," मिराबाई म्हणाल्या. "लेकराला गारठा लागून राहिला." मग पुढं वाकून, "का रे बापू, गाडीत काई गरम व्हत न्हाई का तुझ्या?"

"हीटर जरा कमजोर हाय, मावशी."

"नवी गाडी ना ही?"

स्वप्निलनं कानाची पाळी चोळली.

"आपून रुपाला म्होरं बसवू," चतुराबाई म्हणाल्या. "टोपली मागं घेऊ."

"तिथं तरी कुठं ऊब हाय. टोपली ठेवताना मी हात लावून पाह्यलाय."

चतुराबाईंनी अंगावरची शाल सोडली आणि रुपाच्या पायांवर टाकली. शाल गेली तसा विश्वंभररावांचा स्वेटर उघडा पडला, मनगटापर्यंत, गळ्याशी बनियनची लोकरी कड. मिराबाईंनी ती कड पाहिली. खाली मोजे पाहिले. मग सावकाश म्हणाल्या:

"तयारीनं आलात, ईनबाई."

"वय झालं आता. सोसत न्हाई."

"व्हय," मिराबाई म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यात एका आखाडाचं अंतर हाय."

रुपानं पुन्हा श्वास धरला. पोट पुन्हा आवळलं होतं. या खेपेला तिनं आईचं मनगट पकडलं. "माय, तुझे हात लई गरम हायेत," ती म्हणाली, आणि ते हात तसेच पोटावर ओढून धरले.

चतुराबाई बाहेर बघत होत्या. तुरीचं पीक मागं पळत होतं. काच दोन बोटं खाली केलेली त्यांना आठवली. त्या जीपमधली फडफडणारी ताडपत्री आठवली. एवढी वर्षं जपलेली गोष्ट, आणि ती आपल्याच लेकीच्या पोटात जाऊन बसत होती.

"गाडी थांबव."

स्वप्निलनं गाडी बाभळीखाली घेतली आणि चटकन वाकून समोरच्या कप्प्याला हात घातला. आई काय म्हणणार हे त्याला कळलं होतं.

"तू बस," चतुराबाई म्हणाल्या.

पोरानं चाळणी काढली असती तर लबाडी पोराच्या नावावर गेली असती. मिराबाईंनी ती जन्मभर त्याच्या नावानं सांगितली असती. चतुराबाई उतरल्या, पुढचं दार उघडलं, टोपली खाली रस्त्यावर ठेवली. स्वप्निलनं केलं होतं तसं कप्प्याच्या दोन्ही बाजू दाबल्या. कप्पा खाली आला. खाचेत बोटं घातली. चाळणी अडली, त्यांनी हिसका दिला, आणि ती निघाली. थोडा भुसा त्यांच्या पदरावर सांडला. त्यांनी टोपली परत सीटवर ठेवली.

"लाव आता."

वारं सुटलं. टोपलीवरच्या फडक्याचा कोपरा उडण्याइतकं. पुढून मागपर्यंत गाडी भरत गेली. रुपानं डोळे मिटले आणि खांदे खाली सोडले.

मागच्या सीटवरून मिराबाई बघत होत्या. सुशिक्षित बाई नव्हत्या त्या, चतुराबाईंसारख्याच दोन इयत्ता शिकलेल्या. पण कुठलं झाकण कुठं दाबायचं हे ज्या हाताला अंधारातही ठाऊक असतं, त्या हाताच्या बाईनं ते आधी कुणी दाबताना पाहिलेलं असतं, एवढं कळायला शाळा लागत नाही.

चतुराबाई परत आपल्या जागी येऊन बसल्या. चाळणी हातातच होती. ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना.

"द्या इकडं," मिराबाई म्हणाल्या.

रुपाच्या पोटावरून चाळणी इकडून तिकडं गेली. मिराबाईंनी ती पैठणीवर ठेवली आणि नखानं भुशातलं एक टरफल उचकटलं.

"सोयाबीन."

"व्हय."

"यंदा चांगलं झालं म्हणायचं."

हिंगोली आलं, गेलं. सेनगावच्या अलीकडं रुपा घोरायला लागली, पोट मऊ होतं, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बाया ताठ बसून होत्या. एकीला स्वेटरमध्ये घाम फुटला होता. स्वेटर काढता येत नव्हता.

*

दारात विश्वंभरराव उभे होते. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मिराबाईंनी रुपाचा हात धरून तिला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि तो हात चतुराबाईंच्या हातात दिला. रीत पुरी झाली.

बंबात पाणी तापवून ठेवलं होतं. चहा झाला. मिराबाई चुलीपुढच्या पाटावर बसल्या, पाय निखाऱ्यांकडं करून. चतुराबाईंनी दुसरं लाकूड सारलं. जाळ मोठा झाला.

"त्या संक्रांतीला जीपमधी लई गार लागलं असंल न्हाई, तुमाला," मिराबाई जाळाकडं बघत म्हणाल्या.

"लागलं."

"मला वाटलंच."

एवढंच. पुढं माफीचा शब्द आला नाही आणि चतुराबाईंनी त्याची वाटही पाहिली नाही. तो आला असता तर त्यांना तो कुठं ठेवावा हे कळलं नसतं.

दुपारी जेवून मिराबाई निघाल्या. न्यायला त्यांच्या घरची गाडी आली होती, दोन गल्ल्या आधीच कळलेली. चतुराबाईंनी त्यांची ओटी भरली, हाताला धरून अंगणापर्यंत आल्या. गाडीत बसताना मिराबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. पिशवीच्या तोंडातून घड्याघड्यांच्या कागदाची चौकट डोकावत होती, रुमालात नीट बांधलेली.

"ही कशाला नेता, ईनबाई? फेकायची व्हती ती."

"असू द्या. कामाची चीज हाय." मिराबाईंनी रुमालाची गाठ आवळली. "लेकरू घेऊन यायच्या वक्ताला पाळण्यासंगं तुमालाच यायचंय. रीत हाय ना. गाडी मी धाडते, तुमी आणू नका." मग वर आभाळाकडं, त्या थंडीतल्या फिक्या उन्हाकडं पाहिलं. "मी हिशेब केला. वैशाखात पडंल ते."

गाडी धुरळा उडवत गेली. चतुराबाई पदर खोचून अंगणात उभ्या राहिल्या. धुरळा खाली बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांच्या ओठांची एक बाजू जराशी वर गेली.

"स्वप्निल," त्यांनी हाक मारली. "नांदेडला फोन कर. नवी चाळणी मागवायची ती दोन मागव."

"दोन काहून? आपल्या गाडीला एकच लागती."

"एक आपल्या गाडीला." त्या वळून घरात निघाल्या. "अन् दुसरी ईनबाईच्या गाडीला. कोणती बसती, ते दाजीला इचार. सहज इचारल्यासारखं इचार."